गाणं मागणारे गव्हाणेभाऊ

गव्हाणेभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले ते विजेचं मीटर बघायला, आणि जाताना गाणं मागून गेले.

शहराच्या टोकाला, हर्सूलला आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. घरात दोघीच, मी आणि आई. मी पोस्टात नोकरीला. आमच्याकडं तीन पिढ्या कारकुनीच्या, त्यामुळं दारात आलेल्या सरकारी माणसाला आधी पाणी विचारायचं ही आईची जुनी सवय. तिनं तांब्या-भांडं पुढं केलं. हा उंच, काटकुळा माणूस उभ्यानंच पाणी प्यायला. आकडा टिपून घेताना त्याची बोटं मीटरच्या पेटीवर ठेका धरत होती. मग तो आईला म्हणाला, "आजी, निवडताना-टिपताना कायतरी गुणगुणत असताल तुम्ही. सिनेमातलं नको, भजनातलं बी नको. तुमचं सोताचं. त्यातलं एक मला पायजे."

आईला वाटलं, ऊन लागलंय बिचाऱ्याला. तिनं त्याला गुळाचा खडा दिला.

दुसऱ्या दिवशी कळलं की हे गव्हाणेभाऊ आमच्याच मागच्या गल्लीत राहायला आलेत. मूळचे वैजापूर तालुक्यातले, शेतकऱ्याघरचे, नोकरी वीज कंपनीत मीटर रीडरची. शहरात त्यांचं हे चौथं घर. आधी औरंगपुऱ्यात एक खोली, मग सिडको, मग मयूर पार्क आणि आता हर्सूल. त्या खोलीनंतर प्रत्येक वेळी शहराच्या टोकाला जाऊन राहायचं, आणि टोक पुढं सरकलं की आपणही सरकायचं. याचं कारणही ते अगदी सरळ सांगत. "शहर वाढलं की पहिल्यांदा मला कळतं, ताई. माणूस यायच्या आधी मीटर लागतो. मीटर लई झाले की मला गाणं ऐकू येत नाय."

त्यांच्या बायकोला, शोभावहिनींना, प्रत्येक घरी नव्यानं दूधवाला आणि नवी शेजारीण शोधावी लागे. त्या याबद्दल काही बोलत नसत. घरही त्या इतक्या नीटनेटक्या ठेवत की जणू जन्मभर इथंच राहायचंय.

गव्हाणेभाऊंना बसवणं हे अवघड काम होतं. खुर्ची दिली की ते तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत. चहा पिताना अंगणात फेऱ्या. बोलता बोलता फाटकाची कडी लावायची, काढायची. खांद्याच्या पिशवीत मीटरच्या कागदांबरोबर एक छोटी खंजिरी असे, आणि दुपारी एखाद्या झाडाखाली तिची छमछम ऐकू आली की बायका म्हणायच्या, आला वाटतं मीटरवाला. ते स्वतः गाणी रचत. लिहून ठेवत नसत. चालताना रचायची, चालतानाच घोकायची. त्यांचं एक गाणं सगळ्या कॉलनीला पाठ होतं:

सायब म्हणे प्लॉट आहे, बाप म्हणे वावर,
मधी उभी बाभळ म्हणे, माझी सावली आवर.

हे गाताना ते हसत नसत आणि रडवेलेही होत नसत. झपाझप गात, जणू पुढच्या घरचं मीटर राहिलंय.

आमच्या कॉलनीत एक ओपन स्पेस होती. कागदोपत्री बाग, प्रत्यक्षात गाजरगवत. गव्हाणेभाऊंनी आल्या वर्षीच चार माणसं जमवून ती साफ केली आणि होळीनंतरच्या एका रविवारी संध्याकाळी तिथं गाण्याचा कार्यक्रम ठेवला. नियम एकच, गाणं स्वतः रचलेलं पाहिजे. वाद्य कुठलंही चालेल, पण विजेवर चालणारं नको. वीज कंपनीच्या माणसानं असा नियम करावा याचं लोकांना हसू यायचं. ते म्हणत, दिवसभर तिचेच आकडे लिहितो, संध्याकाळी तरी सुट्टी द्या.

गाणारे कोण, तर छावणी भागातले रिक्षावाले रशीदभाई, जे बुलबुलतरंग वाजवत आणि दखनीत गाणी करत. एक शिवणकाम करणाऱ्या बाई. एक निवृत्त हवालदार. शाळेतले काळे सर, जे दर वर्षी नाव देत आणि दर वर्षी घसा बसल्याचं सांगत. आणि आमची आई. हो, आईनं अखेर गाणं दिलं. निजामाच्या काळात ती उर्दू शाळेत शिकली होती. अलीफ-बे गिरवता गिरवता मराठी कशी लपवून ठेवली, यावर तिनं आठ ओळी केल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणून टाकल्या. माझ्याकडंही गव्हाणेभाऊंनी गाणं मागितलं होतं. मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणत राहिले. दुसऱ्याचं गाणं गाते म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "दुसऱ्याचं गाणं म्हंजे शेजारचं पातेलं. सैपाक व्हतो, पर घासून परत द्यावं लागतं."

दुसऱ्या वर्षी वॉर्डातल्या एका पुढाऱ्यानं मोठ्या मनानं लाउडस्पीकरच्या भिंती पाठवल्या. दुपारीच टेम्पो येऊन उभा. गव्हाणेभाऊंनी त्या माणसाला चहा पाजला आणि टेम्पो परत लावून दिला. पुढारी रागावले. मागं बसलेल्यांना ऐकू कसं जाणार, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो चुकीचाही नव्हता. गव्हाणेभाऊ म्हणाले, "आवाज पोचत नसंल तर माणसानं जवळ यावं." त्या संध्याकाळी सुरुवातीला लोक नेहमीसारखे लांब-लांब बसले होते. शिवणकामवाल्या बाईंचा आवाज अगदीच बारीक. दोन ओळी झाल्या आणि मागच्यांनी खुर्च्या उचलल्या, मग त्यांच्या मागच्यांनी. गाणं संपेपर्यंत सगळी कॉलनी गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. एरवी पार्किंगवरून भांडणारी दोन घरं त्यात शेजारी-शेजारी आली होती.

गव्हाणेभाऊ मात्र त्या गर्दीत नव्हते. दुसरा कुणी गात असला की ते मैदानाच्या कडेनं गोल फेऱ्या मारत. मान खाली, हात मागं. नवख्याला वाटावं, या माणसाला कंटाळा आला. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, बसून ऐकलं की नुसतं कानात जातं.

त्यानंतरची वर्षं कोरडी गेली. पाऊस नुसता शिंतडून जाई. हर्सूलच्या तलावाच्या तळाला भेगा पडल्या आणि भेगांमधून मोटारसायकलींची वाट पडली. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. बायका लग्नाचं आमंत्रण घेतानाही आधी विचारत, त्या दिवशी आपल्याकडं पाणी तर नाही ना? बोअरच्या मशिनी गल्लोगल्ली फिरत होत्या, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षांत इमारतीही भराभर उठत होत्या. पाणी नव्हतं, पण फ्लॅट विकले जात होते. आमच्या ओपन स्पेसच्या मागं एक चारमजली उभी राहिली, तिच्या शेजारी दुसरीचा खड्डा.

त्यातल्या एका वर्षी कार्यक्रमाच्या संध्याकाळी रशीदभाई गात होते. गाणंही नळावरच होतं:

नल कू पानी नक्को पूछो, नल में खाली हवा है जी,
टाकी बोली मैं क्या देऊं, मेरा बी गला सूका है जी.

लोक हसत होते, टाळ्यांचा ठेका धरत होते. तेवढ्यात पहिल्या गल्लीतून आरोळी आली, "नळ आले!" आधी सगळ्यांना वाटलं, गाण्यातलीच गंमत आहे. मग एक बाई उठली. मग तिची जाऊ. आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. भरलेलं मैदान बघता बघता रिकामं झालं. खुर्च्या कलंडल्या, कुणाची चप्पल राहिली. आईला चटकन उठता येत नव्हतं, तिला तिथंच सोडून मीसुद्धा पळाले. हौद कोरडा होता, दुसरा इलाज नव्हता.

पुढचं मी आईकडून ऐकलं. रशीदभाईंनी बुलबुलतरंग गुंडाळायला घेतलं. ते म्हणाले, "चलो मियाँ, पानी जीत गया." गव्हाणेभाऊ मैदानाच्या मधोमध उभे होते. वर्षभराची खटपट समोरून पळून गेलेली. आईला वाटलं, आता हा माणूस खाली बसतो. पण त्यांनी पिशवीतून खंजिरी काढली आणि म्हणाले, "ते येत नायत तर आपण जाऊ. उचल."

मी पाइप हौदात सोडून उभी होते, आणि गल्लीच्या तोंडातून खंजिरी ऐकू आली. पुढं गव्हाणेभाऊ, मागं गळ्यात वाद्य अडकवलेले रशीदभाई, त्यांच्यामागं हवालदार, आणि शिवणकामवाल्या बाईंच्या हाताला धरून आमची आई. प्रत्येक फाटकापुढं थांबत, एक गाणं म्हणत, पुढं जात. कुणाला काम सोडायची गरज नव्हती. पिंपात पाणी पडत होतं, बादल्या सरकत होत्या आणि गाणं चाललं होतं. काळे सर बनियनवर, हातात पाइप, टाकीपाशी उभे होते. त्यांच्या दारात मंडळी थांबली आणि सरांनी, ज्यांचा घसा दर वर्षी बसायचा त्या सरांनी, पाण्याच्या आवाजाच्या आडून स्वतःचं गाणं म्हटलं. त्यांच्या मेलेल्या भावावर होतं ते. पाणी भरून वाहू लागलं तरी त्यांच्या बायकोनं नळ बंद करायला सांगितलं नाही. दुष्काळात असं पाणी वाहू दिलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जो तो तेच बोलत होता. गव्हाणेभाऊ तेवढे खूश नव्हते. ते म्हणाले, "ठेका पाण्याचा व्हता, ताई. मी नुसता मागं मागं."

पण त्यानंतर त्यांची चलबिचल वाढली. बोअरच्या मशिनीचा आवाज त्यांना सोसेना. मागच्या इमारतीत माणसं राहायला आली आणि गव्हाणेभाऊ रविवारी मोटारसायकल काढून सावंगीच्या पुढं, फुलंब्रीच्या रस्त्यानं घरं बघत हिंडू लागले. एकदा फाटकाची कडी वर-खाली करत मला म्हणाले, शहर मागं लागलंय. मी विचारलं, वहिनींचं काय म्हणणं? ते म्हणाले, ती कधी नाय म्हणत नाय.

त्या वर्षीच्या कार्यक्रमाआधी शोभावहिनी आईकडं आल्या. बराच वेळ तांदूळ निवडू लागल्या आणि मग त्यांनी विचारलं, गाणं किती ओळींचं असावं. आई म्हणाली, श्वास पुरेल तेवढ्या. आम्हाला वाटलं, नवऱ्यासाठी विचारतायत. कार्यक्रमात वहिनींचं काम चहाचं. कधी आग्रह केला तर त्या म्हणत, सगळेच गायला लागले तर ऐकायचं कुणी.

शेवटचं गाणं झालं. रशीदभाईंनी सगळ्यांचे आभार मानले. गव्हाणेभाऊ फेरी मारत पार पलीकडं, दुसऱ्या इमारतीच्या खड्ड्याभोवती लावलेल्या पत्र्यांपाशी पोचले होते. वहिनी किटली खाली ठेवून, पदराला हात पुसत पुढं आल्या. चहा तयार आहे असं सांगतील म्हणून लोक उठायलाही लागले. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि ओवीच्या चालीवर सुरू केलं:

एका घरी तुळस लावली, दुसऱ्या घरी कढीपत्ता,
तिसऱ्या घरी पोस्टमन पुसे, बाई, तुमचा कुठला पत्ता?
चवथ्या घरी शेजीण भेटली, तिचं नाव पाठ झालं,
भांडी बांध म्हणतो धनी, इथंबी शहर आलं.

धन्याच्या पायाला भिंगरी गं, माझ्या पायाला माती,
माती म्हणते थांब गं बाई, तोडशील किती नाती.

आवाज तापलेला नव्हता. तक्रार करणाऱ्या बाईचा नव्हताच. कुणाला तरी रस्ता सांगावा तसं त्या सांगत होत्या. रशीदभाईंनी पहिल्या ओळीला साथ धरली होती, तिसऱ्या ओळीला त्यांची बोटं थांबली. पत्र्यांपाशी गव्हाणेभाऊ उभे राहिलेले मला दिसले.

गव्हाणेभाऊ खुर्च्यांमधून वाट काढत आले. सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडं. त्यांनी किटली उचलली आणि कपात चहा ओतू लागले. दोन-तीन कप भरले, मग वर न बघता म्हणाले, "टेम्पोवाल्याला काय सांगू?"

तेव्हा आम्हाला कळलं की पुढच्या आठवड्याचा टेम्पो ठरलेला होता.

वहिनी म्हणाल्या, "सांगा, बाई येत नाय म्हणती."

"बरं," गव्हाणेभाऊ म्हणाले, आणि पुढच्या माणसाला कप दिला.

ते शब्दाला जागले. बांधलेली भांडी सुटली. वहिनींनी अंगणात कढीपत्ता लावला, तो छातीएवढा झाला. गव्हाणेभाऊ निवृत्त झाले. गोष्ट इथं थांबली असती तर मला सांगायला बरं वाटलं असतं. पण त्यांचं गाणं आटत गेलं. नोकरी सुटल्यावर चालणं उरलं, रचणं थांबलं. ते तलावाच्या कोरड्या तळातून या काठापासून त्या काठापर्यंत जात आणि तसेच परत येत. कधी आमच्या ओट्यावर येऊन मीटरच्या पेटीचं झाकण उघडून आकडा बघत, कारण नसताना. पुढं पाऊस चांगला झाला, तलाव भरला, सगळं शहर बघायला लोटलं. आता तरी काही सुचेल असं आम्हाला वाटलं. कार्यक्रमात ते बाभळीचं गाणं म्हणायला उभे राहिले आणि मध्येच थांबले. मी पाणी घेऊन गेले. त्यांना पाणी नको होतं. हळूच म्हणाले, "विसरलो नाय, ताई. पुढचं खोटं वाटायलंय."

त्यानंतर त्यांनी खंजिरी खिळ्याला टांगली. कुणाशी भांडण नाही, घरात आदळआपट नाही. नुसते गप्प. वहिनींना ते सहन होईना. एका दुपारी त्या आमच्या पायरीवर येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "मी त्यांना धरलं, ताई, अन् गाणं सुटलं. मला ह्या घराची सवय झाली. पर गप बसलेल्या माणसाची सवय मला नाय व्हायची."

मी समजूत घालायला गेले, की तुम्ही काही चुकीचं मागितलं नव्हतं. त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. चुकीचं नव्हतंच, त्या म्हणाल्या. त्या वेळी मला थांबायचं व्हतं, म्हणून थांबवलं. आता जायचंय, म्हणून जाते. फर्दापूर हे त्यांचं माहेर. अजिंठ्याला येणाऱ्या लोकांसाठी भावाचं तिथं लॉज होतं आणि त्यामागं दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्यांनी भावाला फोनही करून टाकला होता. गव्हाणेभाऊ ऐकायला तयार नव्हते. तू हितं सुखात हायेस, हेच ते सारखं म्हणत राहिले. वहिनींनी फार वाद घातला नाही. "चार येळा घर तुम्ही निवडलं. ह्या येळी मी निवडलंय," एवढंच म्हणाल्या आणि टेम्पो स्वतः ठरवून आल्या.

सामान चढवताना सगळी गल्ली होती. रशीदभाई रिक्षा घेऊन छावणीहून आले होते. निरोप देताना त्या दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या, मग मिठी मारली. गव्हाणेभाऊ माझ्यापाशी आले आणि म्हणाले की तुमचं गाणं राहिलंच. मी म्हटलं, फर्दापूरला घेऊन येईन. आम्हा दोघांनाही माहीत होतं की मी तेवढ्यासाठी जाणारी बाई नाही.

पुढच्या वर्षी ओपन स्पेसवर कार्यक्रम काळे सरांनी केला. चांगला झाला. त्याच्या पुढच्या वर्षीही झाला. मग माईक आला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते अगदी अवचित. पोस्टातल्या आम्ही बायकांनी अजिंठ्याची सहल काढली होती. परतीला बस फर्दापूरला चहासाठी थांबली. मनात होतं, लॉज शोधावं, भेटून यावं. पण चहा होईपर्यंत उशीर झाला, सगळ्यांना घरची घाई, आणि ड्रायव्हरनं बस चालूच ठेवली होती. आम्ही चढलो. बस निघणार तोच एक उंच माणूस दोन्ही हात वर करून समोर आडवा उभा राहिला. केस पांढरे झाले होते.

ड्रायव्हरनं काय ते विचारलं. गव्हाणेभाऊ खिडकीखाली येऊन म्हणाले, "दोन मिन्टं गाडी बंद करा. बाई गातायत."

ड्रायव्हर कुरकुरला, पण त्यानं गाडी बंद केली. तेव्हा ऐकू आलं. रस्त्याच्या कडेला दगडांचे मणी विकणारी एक म्हातारी पाटीपाशी बसून गात होती. भोवती दहा-बारा माणसं अगदी तिला खेटून बसलेली, दुकानदार, दोन गाइड, लॉजचा आचारी. शेजारी शोभावहिनी, हातात खंजिरी. म्हातारीच्या गाण्यात गोरे साहेब होते, त्यांनी फोटो काढला आणि मणी घेतलाच नाही, असं काहीसं. तिचा आवाज फाटका होता, पण शब्द न् शब्द कळत होता. मी खिडकीची काच सरकवली. हाक मारली असती तर गव्हाणेभाऊंना ऐकू गेली असती, इतके ते जवळ होते. पण गाणं चालू होतं, मी कशी हाक मारणार?

म्हातारी थांबली. वहिनींनी खंजिरी खाली ठेवली. माझ्या तोंडून "भाऊ" असं निघेपर्यंत त्यांनी बसच्या पत्र्यावर कंडक्टरसारख्या दोन थापा मारल्या, "चला," म्हणाले, आणि पाठ फिरवून त्या माणसांकडं निघाले. गाडी सुरू झाल्याच्या आवाजात माझी हाक गेली. मागच्या काचेतून बघितलं, तर ते त्या आचाऱ्याला दंडाला धरून उभा करत होते, आणि आचारी नाही नाही म्हणत मान हलवत होता.